क्युसेक म्हणजे किती पायऱ्या

पावणेबाराला डेस्कवरून निनादचा फोन:
खडकवासल्यातून एकतीस हजार सोडतायत,
सिंहगड रोड गाठ, पुलाखालची वस्ती.
मी रेनकोट चढवला, कालच्या कुबट वासाचा,
बुटांतून वर्तमानपत्राचे बोळे ओढून काढले.
आमचं चॅनल त्या पेपरवर कधीच विश्वास ठेवत नाही,
पण पाणी चांगलं शोषतो.

दस्तगीरने छत्री आधी कॅमेऱ्यावर धरली, मग माझ्यावर.
बरोबरच आहे. कॅमेऱ्याचे हप्ते चालू आहेत.

वस्तीच्या तोंडाशी पाणी पोटरीएवढं.
कानातल्या बटणातून आवाज:
"जरा पुढे हो ना, पाणी दिसत नाहीये."
दोन पावलं उतरले.
"अजून."
गुडघा.
"हां, आता छान."

सहा वर्षं झाली हे करते आहे.
गारपिटीत हेल्मेट घालून बोलले,
पडलेल्या होर्डिंगखालच्या रिक्षा मोजल्या,
एका मे महिन्यात लोहगावच्या डांबरावर
अंडं तळून दाखवलं
(घरून तळून नेलं होतं).
वेधशाळेतले साहेब हळू आवाजात 'शक्यता' म्हणतात,
स्टुडिओत पोचेपर्यंत तिचा 'थरार' झालेला असतो.
मधल्या रस्त्यावर मी असते,
माइक घेऊन.

एक बाई आली, डोक्यावर शेगडी,
काखेत गाठोडं, दातांत पदर.
पदर सोडून म्हणाली, "ताई, किती सोडलंय?"
"एकतीस हजार क्युसेक."
"ते न्हाई. पायऱ्या किती?"

माझ्याकडे पायऱ्या नव्हत्या.
टीएमसी होते, टक्के होते,
गेल्या वर्षी याच तारखेचा आकडासुद्धा होता.

मग तीच बोलली, माझ्याकडे न बघता,
मुलाला पाढा शिकवावा तशी:
बावीसला तिसरी.
अठ्ठावीसला उंबरा.
एकतीस अजून कदी आलं न्हाई.
ओठ हलले थोडा वेळ.
"म्हंजी मीटरचा डबा."
आणि वळून, अख्ख्या गल्लीला:
"मीटरचा डबाऽऽ! मेन बंद करा गं!"

महापालिकेचा भोंगा घसा बसल्यासारखा
तासभर 'सतर्क राहा, सतर्क राहा' करत फिरत होता,
कुणी कूसही बदलली नव्हती.
आता दारं उघडली.
कुणी म्हातारा पाठंगुळी, कुणी शिलाई मशीन,
एका पोराच्या हातात फक्त वह्या.
बाईचं नाव रखमा शिरसाट. हे मला नंतर कळलं.

"मृदुला, काय परिस्थिती आहे तिथे?"
मी म्हणाले, पाणी दुसऱ्या पायरीवर आहे,
तासाभरात मीटरच्या डब्याला लागेल.
कानात क्षणभर काहीच नाही.
मग निनाद, दात आवळून: "आकडा दे, आकडा."
दिला.

तेवढ्यात रखमाबाईंचा पाय घसरला.
दस्तगीरने कॅमेरा कट्ट्यावर टेकवला
आणि शेगडीचं दुसरं टोक धरलं.
मी गाठोडं घेतलं, माइकसकट.
सात सेकंद सगळ्या महाराष्ट्राने
काळं पाणी पाहिलं, आणि तरंगत जाणारी
एक डाव्या पायाची चप्पल.
त्या सात सेकंदांवरून मला मेमो आला.
मी ती क्लिप मोबाइलमध्ये ठेवली आहे.

पहाटे चारला शाळेच्या वर्गात
रखमाबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या, अवघडून,
गुडघे बाकात मावत नव्हते.
पाणी डब्याच्या वीतभर खाली थांबलं होतं.
"चुकलं माझं. एक वीत."
मी म्हणाले, "वेधशाळेचंही चुकतं कधीकधी."
"त्यांचं सामान कुटं भिजतं," त्या म्हणाल्या,
आणि मला चहातला अर्धा दिला, झाकणीत.

सातला कोथरूडला घरी. नळ कोरडा,
पुरामुळे पंपिंग बंद.
पायांचा चिखल तसाच सुकू दिला,
बुटांत ताज्या पेपरचे बोळे कोंबले.
पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एकतीस हजार होते,
ते डाव्या बुटात गेले.

मग दूध आणायला खाली उतरताना
पहिल्यांदाच मोजल्या.
अठ्ठेचाळीस.